पुण्याहून एका दिवसात तोरणा: लाव्हाच्या डोंगरावरचा ट्रेक कसा प्लॅन करायचा

'रविवारी तोरणा करूया' हे बहुतेक ग्रुपमध्ये शुक्रवारी रात्री ठरतं, शनिवार बूट आणि टॉर्च शोधण्यात जातो आणि पहाटे निघायचं ठरलेली मंडळी रविवारी साडेआठला नसरापूरजवळ मिसळीची वाट बघत बसलेली असतात. ट्रेक तिथेच निम्मा बिघडतो, कारण पायथ्याच्या वेल्हे गावातून गडावर जाणाऱ्या डोंगराच्या सोंडेवर सावली फार कमी आहे आणि दहानंतर तो काळा दगड तापायला लागला की तीन लिटर पाणीसुद्धा वरपर्यंत पुरत नाही. मी गेली बारा-तेरा वर्षं पुण्यातून एका दिवसाचे ट्रेक करतेय, नवीन लोकांना घेऊन जातेय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की प्लॅन करताना दोन गोष्टी आधी ठरवा, एक म्हणजे वरून परत कधी फिरायचं ती वेळ, आणि दुसरी म्हणजे हा डोंगर बनलाय कशाचा. दुसरी गोष्ट लोकांना अभ्यासातली वाटते, पण दम कुठे लागणार, पाय कुठे घसरणार, पाणी कुठे मिळणार हे सगळं त्यावरच असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डोंगर आधी समजून घ्या

सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा बाहेर आला, पसरला, गार झाला, मग काही काळाने त्याच्यावर दुसरा, मग तिसरा, असे थरावर थर बसत गेले. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे आणि घाटमाथ्याकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे तोरण्याच्या माथ्यावर ज्वालामुखीचं तोंड कुठे दिसतं असं कोणी विचारलं तर सांगा की ते तिथे नाहीच. ते थर पावसाने, नद्यांनी लाखो वर्षं कापले आणि जे कापायचं राहिलं तो आपला डोंगर. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा, तेव्हा इकडे गरम राख, विषारी वायू असलं काही नाही, इथले धोके वेगळे आहेत.

या सगळ्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. कुठल्याही गडाकडे लांबून बघा, पायऱ्या दिसतात. आधी उतार, मग उभा कडा, मग थोडं सपाट, परत उतार, परत कडा. कडा दिसतो तिथे घट्ट, काळा, कठीण बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड आहे, तो उभ्या भेगांवर तुटतो म्हणून भिंतीसारखा उभा राहतो. उतार दिसतो तिथला थर ठिसूळ आहे, त्याचा मुरूम होतो, माती होते, झाडं धरतात. म्हणजे खालून बघूनच कळतं की दोन कडे असतील तर दोन कातळटप्पे लागणार, आणि पायवाट तिथे एकतर कड्याच्या पोटातून आडवी जाणार नाहीतर खोदलेल्या पायऱ्या नाहीतर रेलिंग असणार. मोबाईलच्या नकाशावर उंचीच्या रेषा चालू केल्या तर हेच दिसतं, रेषा एकमेकींना चिकटल्या तो कडा, सुट्या झाल्या तो उतार किंवा पठार. घरी बसून दहा मिनिटं हे बघा, वर गेल्यावर त्याचा उपयोग कळतो.

अजून एक. बऱ्याच डोंगरांवर कड्याच्या अगदी तळाशी विटकरी लाल पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. नखाने खरवडलात तर भुकटी निघते आणि बोट लाल होतं. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली आणि मग त्या मातीवर पुढचा लाव्हा येऊन बसला, तो हा पट्टा. तो मऊ असल्यामुळे आतून झिजत जातो आणि वरचा कातळ छपरासारखा पुढे येतो. उन्हातून आल्यावर तिथली गार सावली बघून सगळ्यांना बसावंसं वाटतं. पाऊस संपल्यावरच्या एक-दोन महिन्यांत तरी तिथे बसू नका. खाली ताजे, कडा धारदार असलेले दगड पडलेले दिसले तर ते वरूनच आलेले असतात, आणि परत येऊ शकतात.

डोंगर झेपेल का ते बघा

तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. वेल्हे गाव सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे चढाई सातशे मीटरची. चांगल्या चालीच्या माणसाला एका तासात सहाशे मीटर चढता येतं असा जुना हिशोब आहे, पण तो आपल्या उन्हाला, सॅकला आणि आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला लावू नका. मी नवीन ग्रुपला तासाला तीनशे मीटर धरते, म्हणजे तोरण्याला अडीच तास, आणि रेलिंगवर रविवारची गर्दी असते त्याचा वरून अर्धा तास.

आधी दोन-तीन रविवार पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड करा. सगळा ग्रुप मिळून, सॅकमध्ये खरोखरचं पाणी भरून. दीड तासात वर पोचून उतरतानाही गुडघे शाबूत असले तर तोरणा झेपेल. दोन तासांच्या वर जात असतील तर अजून महिनाभर सिंहगडच करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि हे प्रत्येकाने करायचं, कारण ग्रुपचा वेग सगळ्यात मागच्या माणसाचा असतो.

महिना कुठला

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दुसरं काही सुचवत नाही. हवा स्वच्छ असते, राजगड समोर दिसतो, वर गावापेक्षा चार-पाच डिग्री थंड असतं. सप्टेंबरच्या शेवटी सोनकीने उतार पिवळे होतात, तेव्हा जावंसं वाटतंच, पण दगड अजून ओला असतो. जून ते ऑगस्टमध्ये गर्दी सगळ्यात जास्त आणि काळ्या कातळावर शेवाळ धरलेलं, वर धुकं, रेलिंगला लाईन, आणि मागून ढकलणारे लोक. पावसातच जायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून जा, आणि निघायच्या आधी प्रशासनाने त्या भागात पर्यटनाला बंदी घातली नाही ना ते बातम्यांत बघा, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ती असते. मार्च ते मे जायचं असेल तर अंधारात चढायला लागायचं आणि अकराच्या आत खाली यायचं. सुकलेलं गवत असतं तेव्हा, काडी, सिगरेट, चूल काहीही नको, एका ठिणगीने अख्खा उतार पेटतो.

वेळ उलटी मोजा

लोक निघायची वेळ ठरवतात. तुम्ही परत फिरायची ठरवा आणि मग मागे मागे मोजत या. डिसेंबर धरा. सूर्य सहाच्या आसपास मावळतो. उजेडात गावात पोचायचंय आणि हाताशी तासभर पाहिजे, म्हणजे वेल्ह्यात पाचला. उतरायला अडीच तास धरा, उतरताना वेळ कमी लागतो हा गैरसमज आहे, दमलेल्या पायांनी मुरमावरून उतरायला चढण्याइतकाच वेळ जातो. म्हणजे गडाचा दरवाजा अडीचला सोडायचा. वर बघायला, जेवायला साडेतीन तास पाहिजेत म्हणजे अकराच्या आत वर, म्हणजे गावातून आठच्या आत चढायला सुरुवात, आणि शक्यतो सातलाच, कारण तेव्हा सोंडेवर ऊन यायचं असतं. पुणे ते वेल्हे साठेक किलोमीटर, चहा धरून दोन तास. म्हणजे घरून पाचला. ही शेवटची ओळ सगळ्यांना पटली नाही तर ट्रेक पुढच्या रविवारी ढकला, पण अडीचची वेळ हलवू नका, कुठेही पोचलेले असलात तरी अडीचला मागे फिरायचं.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. एका नोव्हेंबरात आम्ही सात जण होतो, निघायला उशीर झालेला, गडाच्या बुधला माचीवर वारा इतका छान होता की उठावंसं वाटेना, आणि मी लीड करत असूनही कोणाला उठवलं नाही. गड सोडला तेव्हा खूप उशीर झाला होता. रेलिंगच्या टप्प्यावर आलो तेव्हा पूर्ण अंधार. सात जणांत एक हेडटॉर्च, बाकी मोबाईल, आणि मोबाईल हातात धरला की रेलिंगला एकच हात उरतो. एक जण खाली उतरायचा, वळून वर टॉर्च मारायचा, मग दुसरा. दिवसा पंधरा मिनिटांत होतो तो टप्पा, आम्हाला दीड तास लागला आणि आमच्यातली एक मुलगी मधल्या पायरीवर थरथरत उभी राहिली, तिला खाली आणेपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडली होती. कोणाला लागलं नाही. पण तेव्हापासून माणशी एक हेडटॉर्च, नव्या सेलसकट, सकाळच्या ट्रेकलासुद्धा, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला मी गाडीत घेत नाही.

जायचं कसं

दोन रस्ते आहेत. सातारा रोडने चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. किंवा खडकवासला, खानापूरवरून पाबे घाटाने. घाटाचा रस्ता सुंदर आहे पण अंधारात पहिल्यांदा जाताना पहिला बरा. एसटीने जायचं असेल तर स्वारगेटला आदल्या दिवशी जाऊन किंवा फोन करून वेळ विचारा, आणि जायच्या गाडीपेक्षा यायच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारा, तुमचं उलटं गणित मग तिथून सुरू होईल.

गावात पोचल्यावर दोन कामं. एक, वाट विचारायची, तुम्ही मोबाईलवर ट्रॅक डाऊनलोड केलेला असला तरी, कारण पावसाने कुठे वाट गेलीय, रेलिंग कुठे ढिलं झालंय हे गावातल्या माणसालाच माहिती असतं. दुसरं, जेवण सांगून ठेवायचं. 'मावशी, आम्ही सहा जण आहोत, पाचपर्यंत येऊ, पिठलं-भाकरी ठेवाल का' एवढं सकाळी बोललं की गावात एक माणूस असा होतो ज्याला माहितीये की तुम्ही वर आहात आणि पाचला यायचे आहात. घरीही एकाला असंच सांगून ठेवा, कुठला गड, कुठल्या वाटेने, कितीला खाली, आणि आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

बूट

यावर थोडं जास्त लिहिते कारण बाकी सामान उसनं मिळतं. लाव्हाचा दगड वेगवेगळ्या तऱ्हेने पायाखाली येतो. घट्ट काळा कातळ कोरडा असला तर चांगल्या रबरी तळव्याला धरून ठेवतो, ओला असला तर काचेसारखा. भोकंभोकं पडलेला, पांढरे दाणे भरलेला दगड, म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे राहिले आणि नंतर त्यात खनिजं साचली तो, त्यावर पकड छान मिळते पण तो ठिसूळ असतो, हाताने धरून लोंबकळायचं नाही. आणि घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा उतार, त्यावर गोल खडे बॉलबेअरिंगसारखे फिरतात. तिन्हीवर चालणारा बूट म्हणजे खोल नक्षीचा, मऊ रबराचा, घोट्याला आधार देणारा असला तर उत्तम. जॉगिंगचे गुळगुळीत झालेले बूट नकोत.

आणि कपाटात तीन-चार वर्षं पडून असलेला बूट वापरायच्या आधी तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. दिसायला नवा असतो, पण आतला फोम दमट हवेने कुजलेला असतो आणि डोंगरावर तळवा अख्खा सुटून येतो. आमच्यातल्या एकाचा असाच सुटला, डावा चढताना आणि उजवा तासाभराने, शेवटी ओढणीच्या पट्ट्या फाडून बांधले आणि तो माणूस तसाच खाली आला. तेव्हापासून सॅकमध्ये चिकटपट्टीची गुंडाळी आणि दोन मीटर नाडी असते.

सॅकमध्ये काय

पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. यातलं एक लिटर उतरताना लागणार आहे हे लक्षात ठेवून वर जाताना पुरवा. गडावर टाकी आहेत, सलग कातळात खोदलेली, पण पाणी प्यायचं तर गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्या भरवशावर राहायचंच नाही. ओआरएसची दोन-तीन पाकिटं ठेवा, नुसतं पाणी पीत राहून घामातलं मीठ भरून निघत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात ते पुष्कळदा त्याच वेळी.

खायला दशम्या, ठेपले, गूळ-शेंगदाणे, काकडी, संत्री. चिवडा-वेफर्स नकोत, तहान वाढवतात. बाकी टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, शिट्टी, चिकटपट्ट्या आणि बँडेज, पॉवर बँक, कचऱ्यासाठी पिशवी. सॅक पाठीलाच, कारण हात मोकळे पाहिजेत. पाण्याची बाटली हातात धरून रेलिंग चढणारे लोक दिसतात तेव्हा मला खरंच भीती वाटते.

चालताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. बोलता येईल इतक्याच वेगाने. वेल्ह्यातून निघालं की सुरुवातीला ढोरवाटा खूप फुटतात, मुख्य सोंड धरून राहायचं, वाट अचानक अरुंद होऊन झुडपांत शिरली तर ती गुरांची, मागे फिरा. पुढे एक आणि शेवटी एक असे दोघं वाट माहिती असलेले, आणि शेवटच्याने कोणालाच मागे टाकायचं नाही.

रेलिंगवर एका वेळी दोघांत चार-पाच पायऱ्यांचं अंतर. वरून दगड सुटला तर 'दगड!' असं मोठ्याने ओरडायचं. चार टेकूंपैकी, म्हणजे दोन हात दोन पाय, तीन कायम दगडावर. रेलिंगला सगळा भार द्यायचा नाही, आधी हलवून बघायचं. घसाऱ्यावर उतरताना मागे रेलायची इच्छा होते, तेच चूक आहे, अंग थोडं पुढे, गुडघे सैल, पाऊल छोटं आणि पूर्ण टेकवून.

बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा, आणि आत गेलात की मेंगाई देवीचं देऊळ. १६४६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या किल्ल्यांपैकी हा एक, आणि इथून राजगड बघताना काही वेळ शांत बसावंसं वाटतंच. वेळ बघून बुधला माचीकडे जा. झुंजार माचीची उतरण पहिल्या खेपेला करू नका, वरूनच बघा, ती वाट अवघड आहे आणि घाईत करण्यासारखी नाही. कड्यांना आग्यामोहोळं असतात, म्हणून अत्तर-परफ्यूम, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-मान झाकून दूर निघायचं.

काही झालंच तर

वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आलं तर धारेवरून, बुरुजावरून आणि लोखंडी रेलिंगपासून लांब व्हा आणि चमकणं थांबल्यावर अर्धा तास थांबा. एप्रिल-मेच्या वळवात दुपारनंतर हे होतंच, म्हणूनही सकाळीच खाली यायचं.

तापलेल्या दगडाखाली फुरसं हा साप असतो. वीतभराचं, मातीच्या रंगाचं, पण विषारी. हात घालायच्या आधी बघा, दगड उगाच उलटवू नका. चावलं तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला कमीत कमी हलवून लवकरात लवकर दवाखान्यात. मदतीला ११२ आणि अँब्युलन्सला १०८, हे नंबर लागतील अशी रेंज कुठे येते ते चढतानाच बघून ठेवा, गडाच्या पुण्याकडच्या अंगाला आणि पलीकडे सारखी नसते. आणि जखमी माणसाला सोडून सगळ्यांनी खाली यायचं नाही, निदान एक जण त्याच्याजवळ पाहिजे.

खाली आल्यावर

मावशींकडे जेवा, पैसे विचारून द्या, वर बघितलेलं काही मोडकं असेल, रेलिंगचा खिळा, सुटलेली पायरी, तर गावात सांगा. सगळ्यांची डोकी मोजा. आणि गाडी कोण चालवणार ते मात्र सकाळीच ठरवलेलं असू द्या, पहाटे चारला उठून, सातशे मीटर चढून-उतरून, त्यात गरम पिठलं-भाकरी खाल्लेल्या माणसाला चेलाडी फाट्याच्या आधीच झोप येते. मी दोन ड्रायव्हर ठेवते, एक जण जाताना चालवतो, त्याला येताना मागे झोपवते, आणि दुसऱ्याच्या शेजारी जागा राहील असा बोलका माणूस बसवते. कात्रजला पोचलात की घरी सांगून ठेवलेल्या माणसाला फोन करा, तो आठ वाजेपर्यंत घड्याळ बघत बसलेला असतो.